वजन

करी रोडला आमचा अ‍ॅनिमेशनचा वर्ग एका जुन्या वाचनालयाच्या पहिल्या मजल्यावर भरतो. खिडकीबाहेर मध्य रेल्वेचे रूळ. स्लो गाडी आली तर टेबल जेमतेम थरथरतं. फास्ट इथे थांबत नाही. ती धडधडत निघून जाते आणि टेबलावरचा मातीचा माणूस मिलिमीटरभर सरकतो. मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण सेकंदाला बारा फोटो या हिशेबाने त्या माणसाला आम्ही केसाकेसाने पुढे आणलेलं असतं. मधेच असा धक्का बसला की पडद्यावर त्याला उचकी लागल्यासारखी दिसते.

म्हणून फास्टची चाहूल लागली की खिडकीशी बसलेला मुलगा "गाडी!" म्हणतो आणि सगळे हात टेबलावरून उचलले जातात. गाडी जाते. फोनच्या पडद्यावर आधीचा फोटो पुसटसा दिसत असतो, त्याला ओनियन स्किन म्हणतात. मातीचा माणूस त्या पुसट आकृतीशी ताडून पाहायचा, पुन्हा जागेवर आणायचा, आणि मगच पुढचा फोटो. शनिवारची दुपार अशी जाते. अडीच तास काम केलं की दहा सेकंदांची फिल्म तयार होते, तीसुद्धा दिवस चांगला असेल तर.

मी बारा वर्षं अंधेरीच्या स्टुडिओंमध्ये कॉम्प्युटर अ‍ॅनिमेशन केलं. आता आठवड्यातले पाच दिवस तेच करते आणि शनिवारी इथे येते. आठवीपासून बारावीपर्यंतची दहा-बारा मुलं असतात, बहुतेक लालबाग-परळ-भोईवाड्यातली. मला ताई म्हणतात. पालक पहिल्या दिवशी विचारतात की यातून नोकरी लागेल का, आणि हल्ली त्यांच्या मागोमाग मुलंही विचारतात, "ताई, आता तर वाक्य लिहिलं की कॉम्प्युटर व्हिडिओ करून देतो, मग हे कशाला?" प्रश्न रास्त आहे. मी त्याला तोंडी उत्तर देत नाही, आगपेटी पुढे सरकवते.

आमच्या वर्गातली पहिली वस्तू आगपेटीच. काड्यांची गुलं मी घरून तोडून आणते. पेटी आपोआप उघडते, एक काडी बाहेर येते, चालत टेबलाच्या कडेपर्यंत जाते आणि खाली वाकून बघते. एवढंच करायचं. ही काही माझी कल्पना नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ साली 'आगकाड्यांची मौज' नावाची छोटी फिल्म केली होती, आगपेटीतल्या काड्या अशाच एकेक फ्रेम, म्हणजे एकेक चित्र, टिपत हलवून केलेली. ती आज पाहायला मिळत नाही. त्याच्याही आधी, १९१२ साली, सिनेमाला पैसे घालणारी माणसं मिळावीत म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा लावला, कॅमेरा समोर रोवला आणि ठरावीक वेळाने एकेक फ्रेम टिपत 'अंकुराची वाढ' तयार केली. 'राजा हरिश्चंद्र' गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरमध्ये ३ मे १९१३ला लागला हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्या सिनेमाच्या मुळाशी एक कुंडी आहे, हे मुलांना सांगितलं की ती माझ्याकडे नव्याने बघतात. फाळके तेव्हा दादरला राहायचे. म्हणजे आमच्या खिडकीखालून जाणाऱ्या गाडीने दोन स्टेशनं.

योगायोग असा की त्याच १९१२ साली जर्मनीत मानसशास्त्रज्ञ माक्स वेर्टहायमर यांनी आपला निबंध छापला. दोन स्थिर खुणा एकीमागून एक दाखवल्या की मधली हालचाल नसतानाही दिसते, आणि ती आपला मेंदू उभी करतो, हे त्यांनी मांडलं. आपल्याकडे अजून सगळीकडे 'डोळ्यात चित्र रेंगाळतं म्हणून हालचाल दिसते' एवढंच शिकवतात. नुसतं रेंगाळलं असतं तर चित्रांचा चिखल झाला असता. दोन चित्रांमधलं अंतर मेंदू स्वतः भरून काढतो. मुलांना मी हे पहिल्याच दिवशी सांगते, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे. मधलं आपण काढत नाही, बघणारा काढतो. आपण त्याला दोन फोटोंत किती अंतर ठेवून देतो, तेवढंच आपल्या हातात.

तर काडी चालते. मुलं आनंदाने ओरडतात. तिसऱ्या-चौथ्यांदा बघताना मात्र आवाज कमी होतो. गेल्या जूनमध्ये नववीतला एक मुलगा म्हणाला, "चालतेय, पण बर्फावरून घसरल्यासारखी. तिला वजनच नाहीये."

मी याच वाक्याची वाट बघत असते. कुणी दुसऱ्या शनिवारी म्हणतं, कुणी पाचव्या. ते आपण होऊन म्हणेपर्यंत मी थांबते, कारण दिसण्याआधी सांगितलेलं वहीत जातं आणि वहीतच राहतं.

वजन यायचं कुठून? काडीचं खरं वजन पडद्यावर पोचत नाही. कॉम्प्युटरमधल्या चेंडूला तर वजन नसतंच. प्रेक्षकाला वजन कळतं ते वेळेवरून. वस्तू कुठे रेंगाळली, कुठे सुटली, थांबायला तिला किती वेळ लागला, यावरून.

म्हणून दुसरा धडा चेंडू. मी विचारते, या टेबलावरून चेंडू खाली टाकला तर जमिनीला टेकेपर्यंत किती फोटो लागतील? टेबल ७५ सेंटीमीटर उंच आहे, सेकंदाला १२ फोटो. उत्तरं येतात वीस, पंधरा, बारा. मग आम्ही चेंडू खरोखर टाकतो, फोनवर टिपतो, मोजतो. पाचसुद्धा होत नाहीत. वर्ग गप्प होतो. पहिल्या फोटोपर्यंत चेंडू साडेतीन सेंटीमीटरसुद्धा पुरता खाली आलेला नसतो, दुसऱ्यापर्यंत आणखी दहा, तिसऱ्यापर्यंत आणखी सतरा, चौथ्यापर्यंत आणखी चोवीस. एकास तीन, तीनास पाच, पाचास सात, ही विषम संख्यांची चढण गॅलिलिओने शोधली. अकरावीतल्या एका मुलीने हे फिजिक्सच्या वहीत शिकलेलं होतं, सूत्रासकट. ती हातातल्या पट्टीकडे बघत म्हणाली, "हे तेच आहे?" तेच आहे, बाळा. सूत्रात लिहिलेलं आता तुझ्या पट्टीवर उतरलंय.

कागदावर या अंतरांच्या खुणा केल्या की वरच्या टोकाला त्या दाटीवाटीने येतात आणि खाली विरळ होतात. चेंडू वर उसळला की उलट. वर पोचल्यावर क्षणभर तिथेच असल्यासारखा. ही दाटी म्हणजे मंदपणा आणि विरळपणा म्हणजे वेग. एवढं हाताला समजलं की अर्धं अ‍ॅनिमेशन आलं. डिस्नेच्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या दोन जुन्या कलाकारांनी १९८१मध्ये अ‍ॅनिमेशनची बारा तत्त्वं पुस्तकात मांडली, आणि जगभर शिकवताना तीच धरली जातात. मीही शिकवते. पण बारा नावांची यादी फळ्यावर लिहिण्याऐवजी मी मुलांना दादरला नेते.

सकाळी साडेसहा. दादर पश्चिमेचा फुलबाजार. झेंडूच्या गोण्या उतरत असतात. वहीत काडीमाणसं काढायची, चेहरे नकोत, कपडे नकोत, फक्त पाठीचा कणा आणि गुडघे. मुलं सुरुवातीला गोंधळतात, गर्दीत उभं राहायला जागा नसते, फूलवाल्या मावशी "ए, बाजूला हो रे" म्हणून ढोपराने सारतात. हळूहळू डोळे स्थिरावतात. मग एकेक गोष्ट सापडायला लागते. कुठलंही ओझं उचलण्याआधी माणूस आधी खाली जातो. गुडघे वाकतात, श्वास आत जातो, मान लपते, आणि मग तो वर येतो. यालाच पुस्तकात अ‍ॅन्टिसिपेशन म्हणतात. आमच्या वर्गात त्याला पवित्रा म्हणतात. नाव मुलांनीच ठेवलं, कबड्डीवरून.

आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आकार आणि वजन यांचा संबंध नाही. झेंडूची गोणी माणसाएवढी असते आणि हमाल ती एका हिसक्यात खांद्यावर घेतो. पलीकडेच लहानसं पोतं, भिजलेलं, त्याला दोन माणसं लागतात. "हात लाव रे" म्हणतात, एकमेकांकडे बघतात, एकाच वेळी जोर घेतात. पोतं आधी उठतच नाही. हात ताणले जातात, पाठ ताणली जाते, आणि पोतं जमिनीवरच. अर्धा सेकंद. मग उठतं. त्या अर्ध्या सेकंदात सगळं वजन आहे. बारा फोटोंच्या हिशेबात ते सहा फोटो, ज्यांत पोतं हलवायचंच नाही.

मी स्वतः हे फार उशिरा शिकले. लहानपणी दूरदर्शनवर 'एक अनेक और एकता' लागायची, १९७४ची, विजया मुळे यांनी केलेली, अ‍ॅनिमेशन भीमसेन यांचं. जाळ्यात सापडलेले पक्षी एकत्र जोर लावून जाळ्यासकट उडून जातात. ती मला तोंडपाठ होती, त्यातला संदेशही पाठ होता. पण पक्ष्यांना ते जाळं जड का वाटत होतं आणि मला ते जड आहे हे कशावरून कळत होतं, हा प्रश्न स्टुडिओत चार-पाच वर्षं काढल्यावर पडला. ही विद्या मुंबईत आली तीही अशीच, शेजारी बसून. १९५६ साली सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून विभाग सुरू झाला तेव्हा डिस्नेमध्ये काम केलेले क्लेअर वीक्स शिकवायला आले होते, आणि त्या विभागातून अ‍ॅनिमेटर राम मोहन यांच्यासारखी माणसं तयार झाली. तेव्हाच्या आणि आताच्या साधनांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शिकणाऱ्याच्या शेजारी बसून "हा हात अजून दोन फ्रेम थांबव" असं म्हणणारं कुणीतरी मात्र तेव्हाही लागत होतं, आजही लागतं.

परतीच्या गाडीत धडा चालूच असतो. दादरहून गाडी सुटते ती एकदम वेगात नाही, सरकत, सरकत, मग धावते. करी रोड येताना तसंच उलट. हळू सुरू, हळू बंद. आणि वरची हँडलं बघायला सांगते. गाडी थांबली तरी ती थांबत नाहीत, पुढे झुलतात, परत येतात, एक-दोनदा आणखी हलून मग शांत होतात. शेपटी, ओढणी, वेणी, लांब कान, सगळं याच नियमाने चालतं. त्या दिवसानंतर मुलं हँडल धरण्याआधी त्याच्याकडे बघतात.

मातीबद्दल सांगायला हवं. लालबाग-परळची मुलं म्हणजे गणपतीच्या कारखान्यांत घुटमळलेली. एकाने पहिल्याच महिन्यात काकांच्या कारखान्यातून शाडूचा गोळा आणला, मोठ्या अभिमानाने. शाडू सुंदर असतो, बोटांचा ठसा न् ठसा घेतो. पण तो वाळतो. साठ फोटो होईस्तोवर कोपराला भेगा पडल्या आणि पंख्याखाली हात गळून आला. मूर्ती एकदाच घडते आणि तशीच राहते. आमच्या माणसाला शंभर वेळा घडायचं असतं. म्हणून तेलाची, न वाळणारी क्ले वापरतो आणि आत अ‍ॅल्युमिनियमच्या दुपदरी पिळलेल्या तारेचा सांगाडा घालतो. मेमध्ये तीही मऊ पडते, तेव्हा मधूनमधून वाचनालयाच्या फ्रिजमध्ये ठेवावी लागते. पायाखाली सॉफ्ट बोर्ड आणि टाचण्या. एक पाय उचलला की माणूस दुसऱ्या पायावर तोलला गेला पाहिजे, नाहीतर पडतो. वस्तू अशी फोटोगणिक हलवण्याला स्टॉप मोशन म्हणतात, आणि ते शिकवण्याचं मला सगळ्यात मोठं कारण हेच वाटतं. इथे तोल चुकला की माती सांगते. कॉम्प्युटर सांगत नाही. तिथे एका पायावर हवेत कललेला माणूस दिवसभर तसाच उभा राहील.

उजेडाचंही तसंच. पहिल्या वर्षी एका गटाची ८६ फोटोंची फिल्म वाया गेली. चूक माझी होती. मी टेबल खिडकीपाशी ठेवलं होतं, पावसाळी दुपार, ढग येत होते, जात होते, आणि फोन प्रत्येक वेळी आपल्या मनाने उजेड जुळवून घेत होता. फिल्म लावली तर विजा चमकल्यासारखी लकाकत होती. मुलं काही बोलली नाहीत, ते जास्त लागलं. आता पडदे ओढतो, फोनचा फोकस, एक्स्पोजर (किती उजेड घ्यायचा ते) आणि व्हाइट बॅलन्स (रंगाची छटा) तिन्ही बांधून टाकतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुनी ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा उजळते-मंदावते. शटर फार जलद ठेवलं तर प्रत्येक फोटोत उजेड वेगळा येतो, म्हणून एकपन्नासांश सेकंद किंवा त्याहून सावकाश. आणि फोटो काढणाऱ्याने पांढरा शर्ट घालायचा नाही, त्याचा उजेड मातीवर पडतो.

हे सगळं झाल्यावर, सहसा दिवाळीनंतर, लॅपटॉप उघडतो. तीन लॅपटॉप, तिन्ही जुने, त्यांवर ब्लेंडर हे अ‍ॅनिमेशनचं सॉफ्टवेअर, कारण ते फुकट आहे आणि खऱ्या कामालाही चालतं. पहिला पाठ पुन्हा चेंडूच. चेंडू वर असताना एक की-फ्रेम, म्हणजे आपण स्वतः ठरवून दिलेली जागा, जमिनीवर एक, पुन्हा वर एक. मधलं कॉम्प्युटर भरतो. मुलं प्ले दाबतात आणि त्यांच्या कपाळावर आठी पडते. चेंडू जमिनीजवळ आला की मंदावतो, अलगद टेकतो, अलगद उठतो. फुग्यासारखा. कारण हे सॉफ्टवेअर मूळचंच प्रत्येक की-फ्रेमपाशी वेग कमी करून मऊ वळण देतं. चेंडूची उंची वेळेनुसार दाखवणाऱ्या ग्राफमध्ये बघितलं तर जमिनीपाशी गोल वाटी दिसते. तिथे हवा टोकदार व्ही. त्या बिंदूचं हँडल, म्हणजे रेषेला वळण देणारी दांडी, 'व्हेक्टर' म्हणजे सरळ करायचं, वरच्या टोकाचं वळण मात्र राहू द्यायचं. हे सांगावं लागलं नाही. ज्या मुलांनी पट्टी घेऊन तीन, दहा, सतरा, चोवीस मोजलेलं होतं, त्यांनी ग्राफ बघताच म्हटलं, "ताई, खाली दाटी झालीय, खाली विरळ पाहिजे." थेट लॅपटॉपपासून सुरू केलेल्या मुलांना हेच बटण मी स्टुडिओत आठवडा-आठवडा शोधताना पाहिलंय, कारण काय शोधायचं हेच ठाऊक नसतं. वाक्य लिहिल्यावर मिळणाऱ्या व्हिडिओबद्दलही माझं म्हणणं एवढंच की आलेलं चित्र खोटं वाटतंय का, आणि वाटत असेल तर कुठल्या फ्रेमला, हे ओळखायला डोळा लागतो. तो आधी तयार करून घ्यायला हवा.

वर्षाच्या शेवटी प्रत्येकाने आपली फिल्म करायची. विषय कुठलाही, लांबी दहा सेकंदांच्या आत. बहुतेक मुलं मारामारी करतात, नाहीतर दहीहंडी. या वर्षीची दहीहंडी खरंच चांगली होती, खालच्या थराचे गुडघे थरथरत होते. आठवीतली एक मुलगी मात्र वर्षभर फारसं बोललेली नव्हती, आणि तिने विषय सांगितला तेव्हा वर्ग थोडा हसला. "आजी उठते." कुठून उठते? "जमिनीवरून. भाजी निवडून झाली की."

तिने पाच शनिवार घेतले. घरी आजीला उठताना बघायची आणि वहीत काडीमाणूस काढायची, वही भरली होती. आधी भाजीची परात बाजूला सरते. मग एक हात जमिनीवर. शरीर पुढे झुकतं, डोकं गुडघ्याच्याही पुढे जातं, पवित्रा. वर येऊ लागतं आणि अर्ध्यावर थांबतं. तिथे तिने पाच फोटो काहीच हलवलं नव्हतं, फक्त खांदा किंचित वर-खाली. मग दुसरा हात गुडघ्यावर येतो, आणि त्या हाताच्या जोरावर बाकीचं शरीर वर. उभी राहिल्यावर पदर दोन फोटो उशिरा सावरतो. सगळे मिळून ५८ फोटो, पाच सेकंदांना जरा कमीच. त्यासाठी मध्ये तीन वेळा फास्ट गाडीने आजीला सरकवलं आणि तीन वेळा तिने आजीला जागेवर आणून ठेवलं.

मार्चमध्ये वाचनालयाच्या भिंतीवर चादर लावून फिल्म दाखवल्या. आई-वडील आले होते, शेजारीपाजारी आले होते, आणि पहिल्या रांगेत खुर्चीवर ती आजीही होती. मातीची आजी अर्ध्यावर थांबली तेव्हा खोलीतला आवाज थांबला. मी चादरीकडे बघत नव्हते, खऱ्या आजीकडे बघत होते. तिचा हात नकळत गुडघ्यावर गेला होता.

दिवे लागले, टाळ्या झाल्या. मुलगी खाली मान घालून आजीशेजारी जाऊन उभी राहिली. आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "छान केलंस गं. पण हात उजव्या गुडघ्यावर ठेवलास. माझा डावा दुखतो."

मुलीने वही उघडली. पानं उलटून पाहिली, आजीच्या गुडघ्यांकडे पाहिलं, पुन्हा वहीकडे. ती नेहमी समोर बसून चित्रं काढायची, तिथून डावं-उजवं उलटं झालं होतं. तिने पेन्सिल काढून कोपऱ्यात काहीतरी लिहिलं आणि माझ्याकडे आली. "ताई, पुढच्या शनिवारी खोली उघडी असेल का?"

वर्ग संपला होता, सुट्टी लागणार होती. किल्ली माझ्याकडेच होती. त्या शनिवारी मी पोचले तेव्हा ती जिन्यात बसली होती, मांडीवर डबा, आणि उन्हाने मऊ झालेली माती मळत होती. मातीच्या आजीचा उजवा हात तिने आधीच काढून ठेवला होता.